सांगकाम्या चालवताना: मराठवाड्यातल्या नव्या मंडळींचे नेहमीचे प्रश्न

परभणी, नांदेड, लातूरकडच्या मुलांना मराठी विकिपीडियावर लिहायला शिकवलं की दुसऱ्या दिवशी हमखास एक प्रश्न येतो. 'सर, हे समदं हातानंच करायचं का?' शंभर लेखांत तीच चूक दिसली, की हाताला यंत्र हवंसं वाटणं साहजिक आहे. त्या प्रश्नाची आणि त्यामागून येणाऱ्या बाकीच्या प्रश्नांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. काही लांबली आहेत, कारण तिथे मी स्वतः ठेच खाल्ली आहे.

बॉट म्हणजे नेमकं काय? त्याला 'सांगकाम्या' का म्हणतात?

विकिपीडियावर माणूस जे बदल करतो, तेच बदल आपोआप करणारा प्रोग्राम म्हणजे बॉट. तो पान उघडतो, मजकूर वाचतो, ठरवून दिलेला बदल करतो, जतन करतो आणि पुढच्या पानाकडे जातो. मराठी विकिपीडियाच्या जुन्या मंडळींनी त्याला 'सांगकाम्या' हे नाव दिलं. मला ते मूळ शब्दापेक्षा जास्त आवडतं, कारण बॉटचा स्वभाव त्यात आहे. सांगितलं तेवढंच करायचं आणि सांगितलं तसंच करायचं.

कुणी त्याला सालगडी म्हणतात. ते मला पटत नाही. सालगड्याला डोकं असतं. वाफसा नसताना पेरायला सांगितलं तर तो मालकाला दोन शब्द सुनावतो. सांगकाम्या चिखलातसुद्धा पेरून मोकळा होतो.

बॉट कोणती कामं करतात?

सगळ्यात जुनं गाजलेलं उदाहरण २००२ सालचं आहे. 'रॅमबॉट' नावाच्या बॉटने अमेरिकेच्या जनगणनेतून तिथल्या गावाशहरांवर तीस हजारांहून जास्त लेख इंग्रजी विकिपीडियावर तयार केले. पुढे बरीच वर्षं बॉटांचं मुख्य काम होतं एका भाषेतला लेख दुसऱ्या भाषेतल्या लेखाला जोडायचं. ऑक्टोबर २०१२ मध्ये विकिडेटा हा सगळ्या भाषांचा सामायिक माहितीसाठा सुरू झाला, पुढच्या वर्षी ते दुवे तिकडे गेले आणि बॉटांची एक अख्खी पिढी बेकार झाली. इंग्रजीत 'क्लूबॉट एनजी' २०१० पासून उत्पात, म्हणजे मुद्दाम केलेली नासधूस, ओळखून काही सेकंदांत उलटवतो. 'इंटरनेट आर्काइव्ह बॉट' मेलेल्या संदर्भदुव्यांना जतन केलेल्या प्रती जोडतो. वर्तमानपत्रांची संकेतस्थळं पत्ते बदलत राहतात, त्यामुळे मराठी लेखांना याचा फार उपयोग आहे.

आपल्यासारख्यांच्या वाट्याला येतं ते घरकाम. वर्ग बदलणं, साच्यातलं (अनेक पानांवर वापरता येणाऱ्या तयार मजकुरातलं) चुकलेलं नाव सुधारणं, दुहेरी पुनर्निर्देशनं सरळ करणं, टंकनाच्या ठरावीक चुका काढणं.

दुहेरी पुनर्निर्देशन हे काय प्रकरण आहे?

'क' वरून 'ख' वर आणि 'ख' वरून 'ग' वर पाठवणी असेल, तर वाचक 'ख' वरच अडकतो. विकिपीडियाचं सॉफ्टवेअर एकच उडी मारतं. लेखाचं नाव बदललं की जुन्या नावाकडे येणाऱ्या सगळ्या पाठवण्या अशा अडकून पडतात. बॉटसाठी हे आदर्श काम आहे. यात मत नसतं, व्याकरण नसतं, चूक-बरोबर स्पष्ट असतं. पहिला बॉट चालवायचा असेल तर इथूनच सुरुवात करा.

औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर आणि उस्मानाबादचं धाराशिव झालं. सगळीकडे एका झटक्यात बॉटने बदलून टाकू का?

नको. हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, आणि विचारणाऱ्याला हे काम दहा मिनिटांचं वाटतं. मलाही वाटलं होतं.

आधी तारखा बघा. शहरांच्या नावबदलाला केंद्राची मंजुरी फेब्रुवारी २०२३ मध्ये मिळाली. जिल्ह्यांची अधिसूचना त्याच वर्षी सप्टेंबरात निघाली. औरंगाबाद रेल्वे स्थानकाचं नाव बदलायला २०२५ उजाडलं. म्हणजे शहर, जिल्हा आणि स्थानक या तिघांचे तीन दिवस. शहराच्या नावावरून नाव पडलेली प्रत्येक संस्था शहराबरोबर आपोआप बदलत नाही. बिहारमध्येही औरंगाबाद नावाचा जिल्हा आहे, त्याचा या सगळ्याशी काही संबंध नाही. इतिहासाच्या लेखात मलिक अंबरने १६१० मध्ये वसवलेलं गाव खडकीच राहिलं पाहिजे. निजामाच्या काळातल्या प्रसंगात आजचं नाव घुसवलं, तर वाचकाला काळाचा पत्ताच लागत नाही.

आता व्याकरण. इंग्रजीत शहराचं नाव शब्द म्हणून सुटं उभं असतं. मराठीत ते 'उस्मानाबादला', 'उस्मानाबादचा', 'उस्मानाबादेत', 'उस्मानाबादमधल्या' असं प्रत्यय घेऊन येतं. म्हणून नाव कुठे संपतं ते ओळखायला लोक शोधनमुन्यात (काय शोधायचं ते बॉटला सांगणाऱ्या ओळीत) 'शब्दाची सीमा' नावाचं चिन्ह वापरतात. पायथन या प्रोग्रामिंग भाषेचं नेहमीचं शोधयंत्र काना, वेलांटी, मात्रा यांना अक्षर समजतच नाही. त्याच्या हिशेबाने 'उस्मानाबादी' या शब्दात 'द' नंतर शब्द संपला आणि पुढची वेलांटी बाहेरची. 'उस्मानाबादला' मध्ये मात्र 'द' नंतर 'ल' हे पूर्ण अक्षर आहे, म्हणून तिथे शब्द संपलेला नाही. परिणाम बरोबर उलटा होतो. जे बदलायचं ते सुटतं आणि जे बदलायचं नाही ते सापडतं. मी बदल जतन न करता कोरडी चाचणी घेतली, तेव्हा पडद्यावर आपली प्रसिद्ध उस्मानाबादी शेळी 'धाराशिवी शेळी' होऊन उभी होती. चाचणीच होती म्हणून हसलो.

मग करायचं कसं? शब्दसीमेचं तयार चिन्ह विसरा. आपल्याला हवे ते प्रत्यय स्वतः लिहून यादी करा. नावाच्या आधी आणि प्रत्ययानंतर देवनागरी चिन्ह येत नाही ना, हे नमुन्यातच तपासा. बॉटला सगळा विकिपीडिया मोकळा सोडू नका. माहितीचौकटीतला 'जिल्हा' हा रकाना, वर्गांची नावं, तालुक्यांचे मार्गक्रमण साचे (लेखाखाली दुव्यांची यादी दाखवणारे) एवढंच त्याला द्या. परिच्छेदातला मजकूर माणसाने वाचून बदलावा. हे काम हळू होतं, आणि तसंच व्हायला हवं.

माणसाने वाचायचं पण शोधून द्यायला यंत्र, असं काही आहे का?

आहे. 'ऑटोविकिब्राउजर' विंडोजवर चालतं. ते पान उघडून सुचवलेला बदल दाखवतं आणि 'जतन करा' तुम्ही दाबता. प्रत्येक बदलाला तुमची नजर लागते. नावबदलासारख्या कामाला मी हेच सुचवतो. लोक त्याला लघुरूपात एडब्ल्यूबी म्हणतात. औरंगाबाद स्थानकाचा जुना रेल्वे कोडही एडब्ल्यूबीच होता, त्यामुळे आमच्या गटात यावरून झालेला घोळ वेगळाच.

जन्मस्थळ, जिल्हा, वर्ग हे तर बॉटने भरता येईल ना?

येईल, पण मराठवाड्याचा इतिहास बॉटला आधी सांगावा लागेल. '१९४७ पूर्वीचा जन्म म्हणजे ब्रिटिश भारत' असा नियम लिहिलेला बॉट पुण्यात बरोबर ठरेल आणि परभणीत सपशेल चुकेल. आपला भाग निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता आणि १७ सप्टेंबर १९४८ रोजी मुक्त झाला. त्यानंतर १९५६ पर्यंत हैदराबाद राज्य, मग द्विभाषिक मुंबई राज्य, आणि १ मे १९६० पासून महाराष्ट्र. १९५२ साली कळमनुरीत जन्मलेल्या माणसाचं राज्य 'महाराष्ट्र' लिहिलं तर ते चूक आहे.

जिल्ह्यांचंही तेच. जालना १९८१ चा, लातूर १९८२ चा, हिंगोली १९९९ चा. त्याआधी ही गावं अनुक्रमे औरंगाबाद, उस्मानाबाद आणि परभणी जिल्ह्यांत होती. जुन्या प्रसंगांना आजचा जिल्हा चिकटवणारा बॉट मी तरी मंजूर करणार नाही.

जनगणनेची यादी आहे. आपल्या आठ जिल्ह्यांतल्या सगळ्या गावांवर बॉटने लेख काढले तर?

यावर माझं मत ठाम आहे आणि सगळ्यांना ते आवडत नाही.

२०११ च्या जनगणनेत गावनिहाय आकडे आहेत, हे खरं. पण यादी रोमन लिपीत आहे. रोमन लिपीला ळ, ण आणि ठ यांची पर्वा नाही. तिच्यावरून देवनागरी करणारा प्रोग्राम कळमनुरीची 'कलमनुरी' करतो, वडवणीची 'वडवानी' करतो आणि मंठ्याचा 'मंथा'. ही तर तालुक्याची गावं आहेत, कुणाच्या तरी लक्षात येतील. शे-दोनशे घरांच्या वाडीचं नाव चुकलं तर ते कोण बघणार? आणि एकदा विकिपीडियावर चढलेलं नाव नकाशे, ॲप, शाळेतली चिकटवही असं फिरून परत आपल्याकडेच 'संदर्भ' म्हणून येतं.

दुसरी अडचण समान नावांची. सेलू तालुका परभणीत आहे आणि वर्ध्यातही. कळंब धाराशिवला आहे तसं यवतमाळलाही. आष्टी बीडला आणि वर्ध्याला. तालुक्यांची ही तऱ्हा, मग पिंपळगाव, वडगाव, धानोरा किती असतील याचा विचार करा. जनगणनेतला गावाचा संकेतांक धरून चाललं तरच यातून वाट निघते. नुसत्या नावावर चालणारा बॉट एका पिंपळगावची लोकसंख्या दुसऱ्याला देऊन मोकळा होईल.

समजा हे सगळं नीट केलं. तरी हाती काय लागतं? 'अमुक हे तमुक तालुक्यातील एक गाव आहे' ही एक ओळ आणि एक आकडा. त्या गावचा पोरगा मोठ्या हौसेनं पान उघडतो आणि त्याला आधीच माहीत असलेलं वाचून बंद करतो. फिलिपिन्समधल्या सेबुआनो भाषेच्या विकिपीडियावर साठ लाखांच्या वर लेख आहेत, त्यातले बहुतेक एका बॉटने लिहिलेले. संख्येत तो इंग्रजीच्या खालोखाल जाऊन बसला. पण तितकी पानं सांभाळायला माणसं कुठून आणायची? तालुकावार एक चांगली सारणी बॉटने करावी, आणि ज्या गावाबद्दल चार खऱ्या गोष्टी सांगणारा माणूस भेटेल त्याच गावाचा लेख काढावा, असं मला वाटतं.

शुद्धलेखन सुधारणारा बॉट चालेल का?

थोडा चालेल. ज्या चुकीला एकच उत्तर आहे तेवढी द्या. विसर्गाच्या जागी टाकलेलं अपूर्णविरामाचं चिन्ह, हिंदीतून उचललेल्या मजकुरातला दंड (।), दोनदा पडलेला अनुस्वार, एवढं ठीक. ऱ्हस्व-दीर्घाच्या वाटेला जाऊ नका. 'लातूर' दीर्घ, पण 'लातुरात' ऱ्हस्व, आणि दोन्ही बरोबर. शिवाय आपला भाग संतांचा. पैठणचे एकनाथ, नरसीचे नामदेव, गंगाखेडच्या जनाबाई, अंबाजोगाईचे मुकुंदराज यांच्या लेखांत ओव्या-अभंग आहेत. त्यात 'ऐसें', 'केलें' असंच असायचं. अनुस्वार पुसत निघालेला बॉट तिथे पोचला, की सातशे-आठशे वर्षांची भाषा एका रात्रीत शाळेच्या वहीसारखी होते. अवतरणं, कवितेचे साचे, संदर्भांची शीर्षकं आणि चित्रांची नावं आधीच वगळायला सांगा.

चित्रांची नावं हे मी अनुभवाने लिहितोय. चित्राचं नाव अक्षरन् अक्षर जुळलं तरच चित्र दिसतं. माझ्या बॉटने नावातलं शुद्धलेखनही सुधारलं आणि पंधरा-वीस पानांवर फोटोच्या जागी लाल अक्षरं आली. रात्री सुरू करून झोपलो होतो. सकाळी चहाच्या आधी उलटवत बसलो.

दोन शब्द डोळ्यांना अगदी सारखे दिसतात, पण दुवा लाल येतो, म्हणजे पान नाही असं दिसतं. असं का?

कारण संगणकाच्या दृष्टीने ते सारखे नाहीत. 'दुसर्‍या' आणि 'दुसऱ्या' बघा. पहिल्यात साधा र, हलन्त आणि त्यामागे न दिसणारा जोडक आहे. दुसऱ्यात ऱ हे वेगळंच अक्षर आहे. तसंच ॲ चं. हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आलं, त्याआधी लोक अ आणि चंद्र जोडून काम भागवत. दोन्ही प्रकारचे मजकूर विकिपीडियावर पडून आहेत. ते एकसारखे करणं हे बॉटचं उत्तम काम.

फक्त एक खबरदारी. बाहेरून आणलेले काही सफाईचे नमुने अदृश्य चिन्हं कचरा समजून काढून टाकतात. मराठीत तो जोडक काढला की अर्धा र डोक्यावर चढतो. 'दऱ्या' चं 'दर्या' होतं, 'आचाऱ्यांना' चं 'आचार्यांना'. बालाघाटाच्या दऱ्यांत समुद्र आणायचा नसेल, तर आधी र आणि जोडक मिळून ऱ करा, आणि मगच बाकीच्या अदृश्य चिन्हांकडे वळा.

सुरुवात कशी करायची? प्रोग्रामिंग येत नाही.

थोडं पायथन यावं लागेल. 'पायविकीबॉट' हा तयार संच आहे, त्यात शोधा-बदला, वर्ग बदला, पुनर्निर्देशन सरळ करा अशा बऱ्याच कामांची हत्यारं घडवून ठेवली आहेत. विकिमीडियाच्या 'पॉज' या सेवेवर तो ब्राउजरमध्येच चालतो, संगणकावर काही बसवावं लागत नाही. तिथल्या फायली कुणालाही दिसतात, म्हणून पासवर्ड त्यात लिहून ठेवू नका.

बॉटसाठी वेगळं खातं काढा. नावात 'बॉट' असू द्या. सदस्य पानावर मालक कोण, काम काय, हे लिहा. मग चावडीवर, म्हणजे मराठी विकिपीडियाच्या सामायिक चर्चेच्या पानावर, प्रस्ताव मांडा. नेमका कोणता बदल, किती पानांवर, कोणती पानं वगळणार, हे सगळं त्यात यावं. लोकांच्या शंका ऐका. मग थोड्या बदलांची चाचणी.

परवानगी कशाला? काम तर चांगलंच करायलोय की!

बॉटचा झेंडा, म्हणजे 'हे बॉटचं खातं' अशी मंजूर खूण, मिळाला की तुमचे बदल 'अलीकडील बदल' मध्ये एरवी दिसत नाहीत. पहारा देणाऱ्यांची यादी तुमच्या शेकडो बदलांनी भरू नये म्हणून ही सोय आहे. त्याचाच अर्थ असा की तुमची चूकही कुणाला दिसत नाही. म्हणून चाचणीचे बदल झेंड्याशिवाय करावेत, लोकांसमोर. इंग्रजीत यासाठी वेगळा मंजुरी गटच आहे. आपल्याकडे माणसं मोजकी, त्यामुळे चावडीवर दोन आठवडे कुणी बोललं नाही तर त्याला होकार समजू नका. एखाद्या जाणत्या प्रचालकाच्या (जादा अधिकार असलेल्या सदस्याच्या) चर्चा पानावर जाऊन विचारा.

स्कॉट्स भाषेच्या विकिपीडियाचं २०२० मध्ये जे उघडकीला आलं ते वाचून ठेवा. ती भाषा न येणाऱ्या एका अमेरिकन मुलाने वर्षानुवर्षं हजारो लेख मोडक्यातोडक्या स्कॉट्समध्ये लिहिले होते. त्यात बॉट नव्हता आणि वाईट हेतूही नव्हता. बघणारं कुणी नव्हतं, एवढंच.

किती वेगाने चालवावा?

पायविकीबॉट आपणहून दोन जतनांमध्ये दहा सेकंद थांबतो. म्हणजे तासाला ३६० पानं. ते कमी करायचा मोह टाळा. सर्व्हर मागे पडला की थांबण्याची सूचनाही त्यात असते, ती बंद करू नका.

मी स्वतः आधी 'सिम्युलेट' चा पर्याय लावतो. त्यात बदल नुसते दिसतात, जतन होत नाहीत. मग वीस पानं खरी करतो आणि वीसच्या वीस उघडून वाचतो. मग एक दिवस गप्प बसतो. कुणाची तक्रार आली नाही तर पुढे.

मधेच लाईट गेली तर?

आपल्याकडे जाणारच. बॉट एकेक पान जतन करत जातो, त्यामुळे अर्धवट पान राहत नाही. फक्त परत सुरू केल्यावर झालेल्या पानांवर तोच बदल पुन्हा होणार नाही, असा नमुना लिहा. '२०११ ची जनगणना' या मजकुराला कंस घालणारा बॉट दोनदा चालला तर दोन कंस पडतात, हे आधी लक्षात येत नाही. नेहमीचं मोठं काम असेल तर 'टूलफोर्ज' वर ठेवा. ते विकिमीडियाचे सर्व्हर आहेत, त्यांना महावितरणचं वेळापत्रक लागू नाही.

बॉट चुकायला लागला तर कोण थांबवणार?

कोणीही प्रचालक त्याला अडवू शकतो. ते खातं अडवलंय, तुम्हाला नाही, त्यामुळे मनाला लावून घेऊ नका. चर्चा पानावर संदेश आला की बॉट आपोआप थांबेल अशी व्यवस्था ठेवावी. ऑटोविकिब्राउजरमध्ये ती असतेच. एखाद्या पानावर बॉट नकोच असेल, तर त्या पानावर तसा साचा लावता येतो आणि शहाणा बॉट तो मानतो.

आणि उलटवायचं काम बॉटच्या मालकाचं. इतरांनी निस्तरायचं नसतं.

चॅटबॉटकडून लेख लिहून घ्यायचे आणि बॉटने चढवायचे, हे चालेल का?

नाही. चॅटबॉट संदर्भ बेमालूम रचतो आणि मराठवाड्याबद्दल तर फार आत्मविश्वासाने रचतो. नमुना लिहायला, पायथनची चूक शोधायला त्याची मदत जरूर घ्या. मी घेतो.

यातून पैसे मिळतात का?

नाही.

परीक्षा आली, नोकरी लागली, आता बॉट चालवायला वेळ नाही. काय करू?

चावडीवर तसं सांगा आणि झेंडा काढून घ्यायची विनंती करा. नियमित चालणारं काम असेल तर टूलफोर्जवरचं वेळापत्रक आधी बंद करा. नाहीतर साच्याचं नाव कधीतरी बदलतं आणि तुमचा बॉट रोज पहाटे जुनंच नाव परत आणून ठेवतो. नमुने आणि वगळायच्या पानांची यादी सदस्य पानावर ठेवून जा. वगळायची यादी जास्त महत्त्वाची. माझ्या यादीत सगळ्यात वर उस्मानाबादी शेळी आहे.